पालथ्या केसिंगवरची खूण

फौंड्रीच्या वरच्या मजल्यावर मला एक खोली दिली आहे. खोली कसली, पूर्वी तिथं जुने पॅटर्न ठेवायचे, म्हणजे ओतीव मालाचे लाकडी नमुने. त्यातले चार-दोन अजून मागच्या भिंतीला टेकून आहेत. पुढं माझं टेबल, एक पंखा, एक खिडकी. खिडकीतून खाली मोल्डिंगचा मजला दिसतो आणि जिन्याचं दार उघडलं की, हवा स्वच्छ असेल त्या सकाळी, लांबवर जोतिबाचा डोंगर. आठवड्यातले तीन दिवस मी इथं बसते, उरलेले दिवस घरून काम करते. मला विचाराल तर माझं बरं चाललंय. पुण्यात सहा वर्षं नोकरी केली. तिथं चहा यंत्रातून यायचा, बटण दाबलं की तीन प्रकारचा, आणि तिन्हीची चव एकच. इथं किटलीतून येतो. कधी कपाच्या तळाशी वाळूचे दोन कण सापडतात, पण चहा चहासारखा असतो.

मी प्रोग्राम लिहिते. फौंड्रीत प्रोग्राम लिहिणारी बाई काय करते, असं आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं. या फौंड्रीत माझे वडील मोल्डर होते, म्हणून त्यांनी आपली लेक इथं चिकटवून दिली असावी, असंही काहींना वाटतं. त्यात निम्मं खरं आहे. आप्पांनी मालकांना विचारलं होतं, आणि मालकांनी "येऊ दे की" म्हटलं होतं. पुढचं काम मी माझ्या अकलेवर मिळवलं. आणि माझ्याच अकलेनं एकदा आप्पांना गोत्यात आणलं.

मोल्डर म्हणजे साचा करणारा. लोखंडी पेटीत पॅटर्न ठेवायचा, त्याभोवती वाळू ठासायची, मग पॅटर्न हलकेच उचलायचा. मागं जी पोकळी राहते तिच्यात नंतर लोखंडाचा रस ओततात. रस ओतताना ठिणग्या उडतात, पाहुणे आले की तेच बघतात आणि मोबाइल काढून फोटो घेतात. साचा करणारा तोवर शेजारी उकिडवा बसून पुढची पेटी भरत असतो. त्याचा फोटो कोणी घेत नाही. हे मी रागानं म्हणत नाही. थोडं रागानंच म्हणते.

आप्पा शाहूवाडीकडचे. घरची भाताची थोडी जमीन भावांनी सांभाळली आणि हे पंचविशीत कोल्हापूरला आले, ते फौंड्रीत शिरले. चौतीस वर्षं एकाच मजल्यावर, बहुतेक एकाच खांबाशेजारी. सकाळी पहिली पेटी घ्यायच्या आधी डोंगराच्या दिशेला हात जोडायचे आणि मग थापी हातात घ्यायचे. थापी म्हणजे वाळूवर फिरवायची छोटी सपाट पट्टी, गवंड्याची असते तशी, पण निमुळत्या टोकाची. ती त्यांची स्वतःची होती. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

मी फौंड्रीत आले त्या वर्षी आमच्या मोठ्या गिऱ्हाइकानं नवीन अट घातली. हे गिऱ्हाईक म्हणजे पुण्याची एक पंप कंपनी. आम्ही त्यांना पंपाचं बाहेरचं कवच ओतून देतो, त्याला केसिंग म्हणतात. प्रत्येक केसिंगची माहिती यापुढं कागदावर चालणार नाही, आमच्या कॉम्प्युटरवरून थेट त्यांच्या कॉम्प्युटरला गेली पाहिजे, असं त्यांचं पत्र आलं. मालकांनी ते पत्र माझ्यापुढं ठेवलं.

कामाचा प्रकार सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. प्रोग्राममध्ये एखाद्या वस्तूची माहिती ठेवायची तर आधी तिचा कोरा तक्ता आखावा लागतो. त्याला क्लास म्हणतात आणि त्यातल्या एकेका रकान्याला प्रॉपर्टी. माझ्या तक्त्यात हीट नंबर होता, म्हणजे भट्टीच्या कितव्या रसातला हा माल. वजन होतं, कठीणपणा होता, तारीख होती, आणि साचा कुणी केला तेही होतं. हा भरलेला तक्ता दुसरीकडं पाठवायचा किंवा साठवायचा तर तो साध्या मजकुरात उतरवावा लागतो. मजकुराच्या त्या पद्धतीला जेसन म्हणतात. उतरवायचं काम प्रोग्राम आपणहून करतो, आणि तो काही विचारत बसत नाही. जेवढे रकाने असतील तेवढे सगळे बाहेर. कुठल्या रकान्याला वेगळी वागणूक द्यायची असेल तर त्याच्या डोक्यावर चौकटी कंसात एक ओळ लिहायची. ती ओळ म्हणजे ॲट्रिब्यूट. आपल्यात या रकान्याला काहीही म्हणोत, बाहेर जाताना याचं नाव हे, असं एक ओळ सांगते. याचा नंबर पहिला, असं दुसरी. आणि एक ओळ अशी आहे की ती सांगते, याच्याकडं बघूच नकोस, हा रकाना नाहीच असं समज.

पुण्याच्या कंपनीला हीट नंबर पहिला हवा होता. सगळी नावं त्यांच्या पद्धतीनं हवी होती, पहिलं अक्षर लहान, मधलं मोठं. रिकामे रकाने अजिबात नको होते. मुलगी बघायला आलेल्या लोकांनीही इतक्या अटी घातल्या नसतील. पण मला या कामात मजा येत होती. एक ओळ लिहायची, चालवून बघायचं, आणि तक्त्याला धक्का न लावता बाहेरचा मजकूर बदललेला. आठवडाभर मी तेच करत होते.

एका संध्याकाळी आप्पा घराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते आणि मी उंबऱ्यावर लॅपटॉप घेऊन.

"काय करायलाईस गं सारखं त्येच्यात तोंड घालून?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. तक्ता, रकाने, वरची ओळ, सगळं. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकलं.

"म्हंजे रकाना हाय, पर भायेर दिसत न्हाय."

"व्हय."

"मग त्यात नवीन काय? कोअर प्रिंट असतंय की पॅटर्नला."

त्यांचं बरोबर होतं. पॅटर्नला काही ठिकाणी एक जादा खुंट असतो. तो ओतलेल्या मालात येत नाही. माल आतून पोकळ ठेवायचा तर साच्यात वाळूचा एक भाजलेला गाभा बसवतात, त्याला कोअर म्हणतात, आणि त्या कोअरला टेकायला जागा व्हावी म्हणून हा खुंट. तो वेगळा ओळखू यावा म्हणून आमच्याकडं त्याला पिवळा रंग देतात. पिवळं दिसलं की मोल्डरनं समजायचं, हे नमुन्यावर आहे, मालावर नाही.

"पिवळा रंग मारायलाईस म्हण की," आप्पा म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकली. चौतीस वर्षं वाळूत बसलेल्या माणसाला मी जे शिकवायला गेले होते ते त्याला माझ्या जन्माच्या आधीपासून येत होतं. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "भाजी बघ, करपंल." पण तेव्हापासून माझ्या मनात त्या ओळीचं नाव पिवळा रंग असंच पडलं.

काम संपत आलं तेव्हा मालक वर आले. त्यांनी माझ्या पडद्यावरचा मजकूर वाचला आणि एका जागी बोट ठेवलं.

"ताई, साचा कुणी केला ते नको जायला. बाकी सगळं राहू दे."

कारण त्यांनी सांगितलं. मागं एका गिऱ्हाइकाला आमच्या एका चांगल्या मोल्डरचं नाव कळलं होतं, आणि महिन्याभरात तो मोल्डर त्या गिऱ्हाइकाच्याच फौंड्रीत पेट्या भरताना दिसला. मालकांचं चूक नव्हतं. मी त्यांच्यासमोरच रकान्याच्या डोक्यावर ओळ लिहिली. पाठवून बघितलं, नाव गेलं नाही. मालक खूश होऊन खाली गेले. मला मात्र जरा वाईट वाटलं. बाहेरून झाकायचा रकाना शेवटी आप्पांचाच निघाला, आणि पिवळा रंग मारणारी मी. पण हे वाटणं चहा येईपर्यंतच टिकलं.

त्याच आठवड्यात मी फोरमनना सांगितलं की आता तुमची वही बंद करा. कुठल्या पेटीवर कोण, हे ते रोज एका लांबड्या वहीत लिहायचे. कॉम्प्युटरवर भरता ना, मग दोनदा कशाला लिहायचं, असं मी मोठ्या ऐटीत म्हटलं. त्यांनी वही कपाटात टाकली.

चार महिन्यांनी पुण्याहून टेम्पो परत आला. त्यात चौदा केसिंग होत्या. आतल्या बाजूनं भोकं पडलेली, टाचणीच्या डोक्याएवढी. साच्यातल्या वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की अशी भोकं पडतात. चौदा केसिंग फौंड्रीच्या दारात ओळीनं उतरवल्या आणि सगळ्या मजल्यानं त्या बघितल्या.

आप्पांच्या निवृत्तीला तेव्हा अडीच महिने राहिले होते. त्याच हिवाळ्यात त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. फोरमननी दोन आणि दोन जोडले. केसिंगच्या पेट्यांवर तिघं जण असायचे, त्यातले दोघं पस्तिशीतले, धडधाकट. तिसरे आप्पा. वाळूत तारेनं बारीक भोकं पाडायची असतात, वाफ जायला. ती डोळ्याला दिसत नसतील, असं फोरमन मालकांना म्हणाले. हळू आवाजात म्हणाले, पण आमच्या फोरमनचा हळू आवाज गेटपर्यंत जातो.

मालकांनी आप्पांना बाजूला घेतलं. ते चांगले बोलले, मला नंतर कळलं.

"आप्पा, थोडेच दिवस राहिलेत. स्टोअरला बसा. तिथं सावली हाय, पंखा हाय. कशाला वाळूत बसताय?"

"बरं," आप्पा म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले ते थापी घेऊन. कागदात गुंडाळलेली, पिशवीत वरच. इतक्या वर्षांत ती कधी घरी आली नव्हती. त्यांनी ती देवळीत ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. मग मला सगळं कळलं आणि माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरायला तसं फार लागत नाही.

"तुमी बरं कशाला म्हटलासा? तुमच्या हातचं खराब आलंय हे कुणी बघितलंय?"

"बघायचं कशाला? मोतीबिंदू माझा काढलाय, त्या दोघांचा न्हाय."

"माझ्या कॉम्प्युटरात सगळं हाय. कुठली केसिंग कुणी केली, एकेक पीस लिवलाय. उद्या सकाळी दाखवतो मालकांना."

आप्पांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "असंल तर बघ," ते म्हणाले. एवढंच, पण जेवताना त्यांनी भाकरी मागून घेतली, यावरून मला कळलं की त्यांनी माझ्यावर भरवसा टाकलाय. आणि त्यांना काय हवंय तेही कळलं. शेवटच्या दिवशी ते खांबाशेजारच्या आपल्या पेटीवरून उठणार होते, स्टोअरच्या स्टुलावरून नाही. तेवढंच हवं होतं.

सकाळी लवकर जाऊन मी फाइल उघडली. फौंड्रीची स्वतःची रोजची फाइल, जी आम्ही आमच्यासाठी साठवतो. हीट नंबर होता, वजन होतं, तारीख होती. साचा कुणी केला तो रकाना नव्हता. रिकामा नव्हता, नव्हताच. आदल्या दिवसाची उघडली, तिच्यातही नाही. चार महिने मागं गेले.

मग लक्षात आलं, आणि खुर्चीत बसल्या जागी मी स्वतःला शिवी दिली. पुण्याला मजकूर जायचा तो ज्या तक्त्यावरून, आमची रोजची फाइलही त्याच तक्त्यावरून उतरत होती. एकच तक्ता दोन्हीकडं वापरायचा, हा माझाच हुशारपणा. मी ती ओळ पुण्यासाठी लिहिली होती, पण ओळीला पुणं आणि कोल्हापूर कळत नाही. तिला सांगितलं होतं की या रकान्याकडं बघू नकोस, आणि तिनं कुठंच बघितलं नाही. फोरमन रोज नाव भरायचे, ते दिवसभर पडद्यावर दिसायचं, संध्याकाळी फाइल साठवताना गळून जायचं. जुनी फाइल उघडून बघायला कोणाला वेळ होता? चार महिन्यांची नावं गेली होती, आणि ज्या वहीत ती राहिली असती ती मीच बंद करायला लावली होती.

खाली जायचं माझ्या जिवावर आलं. जिना उतरताना मी दोन वेळा थांबले. मालक, फोरमन आणि आप्पा केसिंगच्या ओळीशेजारीच उभे होते. मी सरळ सांगून टाकलं. माझी चूक झाली, एका ओळीनं सगळी नावं गेली, कुणाचा पीस कुठला ते आता कळणार नाही.

आधी फोरमन बोलले.

"मॅडम, वही तुमीच बंद करायला लावलासा. आता बापाच्या अंगावर आलं आन् रकानाच गायब. आमी काय समजायचं?"

एरवी मी कुणाला ऐकून घेत नाही, पण त्या वेळी माझ्याकडं दाखवायला काही नव्हतंच. मी नावं मुद्दाम पुसली नाहीत याचा पुरावा म्हणजे माझा शब्द, आणि आदल्या संध्याकाळी आप्पांना दिलेल्या शब्दाची काय किंमत निघाली ते मी नुकतंच बघितलं होतं. डोळ्यांत पाणी आलं. मी ते वाळूवर ढकललं, डोळे चोळले.

आप्पा पुढं आले. मला वाटलं, मला ओरडतील. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

"पीस पालथं करा," ते म्हणाले.

"कशाला?" फोरमन.

"करा तर. आन् बॅटरी आना."

एकेक केसिंग उलटवणं म्हणजे दोन माणसांचं काम. दोघांनी मिळून पहिली पालथी घातली. आप्पा गुडघ्यावर बसले. पंप जमिनीवर ज्या पायावर बसतो त्या पायाच्या आतल्या अंगाला, जिथं ना मशीन लागतं ना रंग, तिथं त्यांनी तारेच्या ब्रशनं घासलं आणि बॅटरी मारली. काही नव्हतं. दुसरी. काही नव्हतं. तिसरीला घासल्यावर ते थांबले.

"ही माझी."

आम्ही सगळे वाकलो. लोखंडात उठलेली एक बारीक आडवी रेघ होती, नखाएवढी, आणि तिच्याखाली एक ठिपका. माहीत नसेल तर दिसणार नाही इतकी बारीक.

"हे काय हाय?" मालकांनी विचारलं.

"माझी खूण. पेटी झाकायच्या आदी थापीच्या टोकानं वाळूत वडतो."

मालकांच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या मालकांनी, खुणा करायला सक्त मनाई केली होती. गिऱ्हाइकाच्या मालावर आपली खूण नको, असा त्यांचा नियम होता, आणि त्या नियमापायी जुन्या काळी एकाला घरी बसवलं होतं, हे फौंड्रीत सगळ्यांना माहीत होतं. आप्पांना तर होतंच. म्हणूनच ते आदल्या दिवशी नुसतं बरं म्हणून गप्प बसले होते. आणि आता माझ्यासाठी तोंड उघडलं होतं.

"वडिलांनी नको म्हटलं होतं," मालक म्हणाले.

"व्हय. म्हाईत हाय."

"तरी तीस वर्षं करताय?"

"तेहतीस," आप्पा म्हणाले.

मालक हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "पुढची पालथी करा," एवढंच म्हणाले.

चौदा केसिंग पालथ्या घालायला पाऊण तास लागला. तीनवर खूण निघाली. अकरांवर नव्हती. म्हणजे बाकीच्या दोघांच्या, ज्यांचे डोळे शाबूत होते त्यांच्या. फोरमन तिथून सरळ कोअर ठेवायच्या मांडणीकडं गेले. तीन माणसांच्या हातून एकच दोष आला तर तो हातांचा नाही, हे त्यांनाही कळतं. माणूस तोंडाळ आहे, पण कामाला पक्का. मांडणीच्या मागच्या भिंतीपलीकडं त्या वर्षी पाण्याची नवी टाकी बसवली होती. फोरमननी सगळ्यात मागचा कोअर काढून हातानं मोडला. चांगला कोअर कडकन मोडतो. हा दबून तुटला, कालच्या भाकरीसारखा. आत ओल होती. रसाखाली त्या ओलीची वाफ होणार, आणि तीच भोकं पाडणार.

सगळे सुटल्यासारखे झाले. मीही झाले. तेवढ्यात आप्पांनी त्यांच्या तीन केसिंगमधली एक पुन्हा उलटी करून घेतली.

"ह्या दोन कोअरच्या. ही न्हाय. हिचं भोक वरच्या अंगाला हाय, तितं कोअर येत न्हाय." त्यांनी बोट आत घातलं. "इतं मी तार मारायची इसरलो. ही माझी चूक हाय."

कोणी विचारलं नव्हतं. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मला तेव्हा त्यांचा इतका अभिमान वाटला की मी परत रडले आणि फोरमन म्हणाले, "आता काय झालं मॅडम, सुटला की तुमचा बाप."

"आप्पा, उद्यापासनं पेटीवर या," मालक म्हणाले. दुसऱ्या दिवशी थापी कागदातून निघाली आणि परत फौंड्रीत गेली. फोरमननी माफी वगैरे मागितली नाही. ते त्यांच्यात बसत नाही. पण त्या सकाळी आप्पांचा चहा त्यांनी स्वतः नेऊन दिला, आणि जिन्याखाली उभं राहून मलाही हाक मारली, "मॅडम, तुमीबी घ्या की."

मग मी माझा प्रोग्राम दुरुस्त केला. आता दोन तक्ते आहेत. एक फौंड्रीचा, त्यात सगळं. दुसरा पुण्याचा, त्यात फक्त जे द्यायचं तेच. लपवायचं काही ठेवलंच नाही, म्हणून पिवळा रंग मारायची वेळच येत नाही. जाणत्या माणसानं पहिल्या दिवशी हेच केलं असतं. शिवाय रोज संध्याकाळी फाइल साठवल्यावर प्रोग्राम ती परत उघडतो आणि भरलेलं सगळं आलंय का बघतो. फोरमनची वही मी स्वतः कपाटातून काढून पुसून दिली. ते दोन्हीकडं लिहितात आणि दोनदा लिहायला लागतं म्हणून रोज मला ऐकवतात. मी ऐकून घेते.

पहिल्या दिवशी नव्या फाइलीत मी जुनी नोंद घातली, चौदातली ती एक. आप्पांनीच सांगितलं होतं. "चांगल्याच लिवू नको. तीबी लिव की माझ्या नावावर."

पंधरा दिवसांनी मालक परत वर आले. त्यांनी तिन्ही मोल्डरना आपापली खूण ठरवायला सांगितली होती. थोरल्या मालकांचा नियम त्यांनी मोडला तो असा, कुणाला काही जाहीर न करता. एकानं त्रिशूळ घेतला, एकानं फुली.

"ताई, नाव नको जायला पुण्याला. खूण जाऊ दे. पीसवरनं तशी ती जातीयाच."

जेसन म्हणजे नुसता मजकूर, त्यात चित्र जात नाही. त्रिशुळासाठी मी एक शब्द लिहिला. आप्पांची खूण सोपी होती, एक आडवी रेघ आणि एक टिंब, दोन्ही कीबोर्डवरच आहेत. लिहिण्याआधी खात्री करावी म्हणून दुपारच्या सुट्टीत मी खाली गेले. आप्पा डबा संपवून खांबाला टेकून बसले होते.

"रेघ कशाची हाय आप्पा?"

"कशाची न्हाय. थापीचं टोक आडवं टेकलं की उमटतीया."

"आन् ठिपका?"

ते डब्याचं झाकण लावत होते. झाकण वाकडं बसलं, त्यांनी काढून परत लावलं.

"ठिपका मागनं आला. आदी नुसती रेघ हुती."

"मागनं म्हंजे कवा?"

"तू झालीस त्या आठवड्यात. दवाखान्यातनं सरळ कामावर आलतो. पेटी भरली, रेघ वडली, आन् आपलं खाली एक टिंब दिलं." मग ते उठले आणि पँटवरची वाळू झटकली. "जा, तुझं काम बघ. सुट्टी संपली."

मी वर आले. तेहतीस वर्षांतली एकतीस वर्षं. किती केसिंग झाल्या असतील ते मला सांगता येणार नाही. त्या कुठल्या कुठल्या विहिरींवर, शेततळ्यांवर, कुणाच्या बंगल्याच्या मागं पंपाखाली बसल्या आहेत. रोज पाणी ओढतात. कुणी त्या पालथ्या घालून बघितलेल्या नाहीत आणि घालणारही नाही.

आप्पा आता गावाकडं असतात. भाताच्या बांधावर उकिडवे बसतात, ती सवय गेली नाही. निवृत्तीच्या दिवशी ते खांबाशेजारच्या पेटीवरूनच उठले.

पण त्यांनी टिंबाचं सांगितलं त्या दुपारी, वर आल्यावर, मी पुण्याच्या तक्त्यात एक नवा रकाना वाढवला आणि त्याला नाव दिलं खूण. हाताच्या सवयीनं वरच्या रिकाम्या ओळीवर गेले, चौकटी कंस उघडला. मग तो खोडला. वर काही लिहिलं नाही की रकाना जसा आहे तसा बाहेर जातो. मी काहीच लिहिलं नाही.